श्वानांचे औषधोपचार : खर्च आणि उपाय

परभणी जिल्ह्यात कुत्रा हा केवळ हौसेने पाळला जाणारा प्राणी नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत आखाडा बांधून राहणारी कुटुंबे, मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारे धनगर, पिकात शिरणाऱ्या रानडुकरांमुळे रात्र रात्र जागणारे सालगडी, अशा सर्वांचा तो राखणीतील सोबती आहे. अलीकडच्या काळात परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड यांसारख्या शहरांतून जातिवंत कुत्री पाळण्याची आवडही वाढली आहे. मात्र कुत्रा आखाड्यावरचा असो वा बंगल्यातील, तो आजारी पडला की धन्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे उपचाराच्या खर्चाचा.

हा प्रश्न धन्याच्या खिशापुरता मर्यादित नाही. उपचार परवडत नाहीत म्हणून आजारी कुत्रा घराबाहेर काढला जातो. खर्च टाळावा म्हणून लस टोचून घेतली जात नाही. नको असलेली पिले बाजाराच्या गावी किंवा रस्त्याच्या कडेला सोडून दिली जातात. पुढे हीच कुत्री वस्तीत फिरतात आणि त्यांच्या चाव्याला लहान मुले, मजूर व दुभती जनावरे बळी पडतात. म्हणूनच श्वानांच्या उपचाराचा खर्च हा सार्वजनिक आरोग्याशी जोडलेला विषय ठरतो.

खर्च का वाढतो?

आपला आजार कोठे आहे हे मुके जनावर सांगू शकत नाही. त्यामुळे पशुवैद्यकाला रक्त तपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी यांसारख्या साधनांवर अधिक विसंबावे लागते. ही यंत्रसामग्री माणसांच्या रुग्णालयात लागते तीच आहे आणि तिची किंमतही तेवढीच आहे. मात्र तिचा वापर करणाऱ्या रुग्णांची संख्या फार थोडी असल्याने प्रत्येक तपासणीवर पडणारा बोजा वाढतो. शस्त्रक्रियेसाठी भूल, निर्जंतुक साहित्य, टाके, प्रतिजैविके आणि नंतरची देखभाल हे सारे लागतेच. कुत्र्यांच्या लशी आणि काही औषधे यांची बाजारपेठ लहान आहे. लशी निर्मितीपासून टोचण्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढणाऱ्या मराठवाड्यात ही शीतसाखळी सांभाळणे हे खर्चाचे काम आहे.

दुसरे कारण कमी लक्षात येते. सरकारी रुग्णालयात माणसावर होणाऱ्या उपचाराचा मोठा भाग शासन सोसते, त्यामुळे त्याचा खरा खर्च रुग्णाच्या डोळ्यांआड राहतो. गाई-म्हशींच्या बाबतीतही असेच आहे. लाळखुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जनावरांना मोफत लस दिली जाते. कुत्रा दूध देत नाही, नांगर ओढत नाही. त्यामुळे या दोन रोगांच्या कार्यक्रमात त्याला स्थान नाही. त्याच्या उपचाराचा खर्च बहुतांशी धन्यावरच पडतो. पशुवैद्यकीय चिकित्सालयाची आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असली तरी औषधे बाजारभावानेच घ्यावी लागतात. कुत्र्याचा विमा मिळतो, परंतु तो उतरवणाऱ्यांची संख्या अल्प आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे विलंब. प्रथम घरगुती उपाय, मग माणसांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली गोळी आणि अखेरीस दवाखाना, असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. माणसाला चालणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरतात. अशा वेळी मूळ आजारात औषधाच्या विषबाधेची भर पडते आणि खर्च दुपटीने वाढतो.

लस आणि सलाईन

श्वानांचे जे आजार धन्याला सर्वाधिक खर्चात पाडतात त्यांतील बरेच टाळता येण्यासारखे आहेत. पार्व्हो हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या या विषाणुजन्य रोगात पिलाला रक्तमिश्रित हगवण व सततच्या ओकाऱ्या होतात. विषाणूचा थेट नायनाट करणारे खात्रीचे औषध सर्रास उपलब्ध नाही. म्हणून कित्येक दिवस सलाईन, ओकारी थांबविणारी इंजेक्शने आणि प्रतिजैविके देऊन पिलाला जगविण्याचा प्रयत्न करावा लागतो. एवढे करूनही अनेक पिले दगावतात. याउलट पार्व्हो, डिस्टेंपर, यकृतदाह आणि लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्धची एकत्रित लस पिलू ६ ते ८ आठवड्यांचे असताना सुरू करून, ते १६ आठवड्यांचे होईपर्यंत ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली तर हा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. लशीचा खर्च आणि सलाईनचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

गोचिडांबाबत हेच म्हणता येईल. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियोसिस व बबेसियोसिस या रोगांत ताप येतो, रक्त कमी होते, नाकातून रक्तस्राव होऊ शकतो. रक्त तपासणी, काही आठवडे चालणारा औषधोपचार आणि प्रसंगी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढविणे, इतका हा उपचार लांबतो. गोठा, पिंजरा व बसण्याची जागा स्वच्छ ठेवणे, भिंतींच्या फटी बुजविणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक वापरणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे. मात्र शेतातील कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर कधीही फवारू नये.

मादीचे निर्बीजीकरण हा खर्चही पुढील मोठा खर्च वाचविणारा आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. निर्बीजीकरणामुळे नको असलेली पिले तर टळतातच, शिवाय उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार व त्यासाठीची तातडीची शस्त्रक्रियाही टळते.

जंतांचा विषय मेंढपाळांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. कापलेल्या मेंढीची फुप्फुसे किंवा यकृत कच्चे खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी होतात आणि त्या काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. कुत्र्याला वेळेवर दिलेली जंताची गोळी घरातील माणसाचे ऑपरेशन टाळते ती अशी.

रेबीज : जेथे उपचार नाही

या सर्व आजारांत रेबीज अर्थात पिसाळ रोग वेगळा आहे. तेथे खर्चाचा हिशेबच संपतो, कारण लक्षणे दिसू लागल्यावर कुत्र्याला वाचविणारा उपचार नाही आणि माणसाचा मृत्यूही जवळजवळ अटळ असतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरण पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीतील अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत रोग कुत्र्यापासून येतो. म्हशीला किंवा बैलाला पिसाळलेला कुत्रा चावल्यास शेतकऱ्याचे हजारो रुपयांचे पशुधन हातचे जाते ते वेगळेच.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी एका मुलाला पहिली लस टोचून या रोगावर मात करण्याचा मार्ग दाखविला. आज कुत्र्याला ३ महिन्यांच्या वयात रेबीजची लस देऊन नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे ती दरवर्षी टोचता येते. या लशीची एक मात्रा सामान्यतः शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत बसते. परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली गेली तर रोगाची साखळी तुटते, हे अनेक देशांच्या अनुभवावरून सिद्ध झाले आहे. कुत्र्यापासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा भारताने २०२१ मध्ये जाहीर केला, तो याच सूत्रावर आधारलेला आहे.

कुत्रा चावल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे व ठरलेल्या दिवशी सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आवश्यक असते.

परभणीतील सोय

परभणी जिल्ह्याची एक जमेची बाजू आहे. येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय १९७२ पासून कार्यरत आहे. पूर्वी मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेले हे महाविद्यालय २००० मध्ये स्थापन झालेल्या, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा घटक झाले. अशा महाविद्यालयाच्या चिकित्सालयात रुग्ण जनावर हे विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचेही साधन असते. त्यामुळे औषधवैद्यक, शल्यचिकित्सा आणि प्रजनन या विषयांचे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात व खाजगी चिकित्सालयाच्या मानाने शुल्क कमी पडते. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथील सेवाशुल्क नाममात्र असते. मात्र या दवाखान्यांची साधने प्रामुख्याने गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांसाठी असल्याने श्वानांची लस उपलब्ध आहे काय, याची आधी चौकशी करणे इष्ट ठरते.

औषधांच्या किमतीबाबतही एक पाऊल पडले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये पशुधन आरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा नवा घटक समाविष्ट करून त्यासाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. चांगल्या प्रतीची जेनेरिक पशुऔषधे सहकारी संस्था व किसान समृद्धी केंद्रांमार्फत स्वस्तात पोहोचविणे हा त्यामागील हेतू आहे. योजना पशुधनासाठी असली तरी पशुऔषधांच्या दुकानात स्वस्त पर्याय मागण्याची सवय श्वानपालकांनाही उपयोगी पडेल.

धन्याचे आणि गावाचे काम

कुत्रा घरी आणण्यापूर्वीच खर्चाचा विचार व्हावयास हवा. दाट केसांच्या थंड प्रदेशातील जाती आणि चपट्या नाकाची कुत्री परभणीच्या उन्हाळ्यात उष्माघाताला सहज बळी पडतात. त्यांच्या उपचाराचा खर्च हा त्यांच्या निवडीतच दडलेला असतो. याउलट गावठी कुत्री, तसेच लातूर भागातील पश्मी व कारवान या काटक जाती येथील हवामानाशी जुळवून घेतलेल्या आहेत. पिलू आणले त्याच दिवशी एक लहान वही करून तीत लस, जंताची गोळी व वजन यांची नोंद ठेवावी. लशीपोटी वर्षाकाठी लागणारी रक्कम महिन्याच्या हिशेबाने बाजूला काढल्यास तिचे ओझे वाटत नाही. कुत्र्याने अन्न सोडले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नोंदणीकृत पशुवैद्यकाला दाखवावे. पहिल्या दिवशीचा उपचार हाच सर्वांत स्वस्त असतो.

मोकाट कुत्र्यांची जबाबदारी एकट्या धन्याची असू शकत नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. परंतु आखाड्यांवरील आणि वाड्या-तांड्यांवरील पाळीव कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतीला पुढाकार घेता येईल. एका कुत्र्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्यात मजुराचा दिवस बुडतो आणि भाड्याचा खर्च लशीपेक्षा जास्त होतो. तेच शिबीर गावात भरविले तर अनेक मात्रांची एक कुपी एकाच वेळी वापरता येते व दर कुत्र्यामागील खर्च उतरतो. दरवर्षी २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी असे शिबीर भरविण्याची प्रथा प्रत्येक गावाने पाडणे अवघड नाही.

मोठ्या आजाराचा खर्च नजीकच्या काळात फार कमी होईल अशी अपेक्षा करणे व्यवहार्य ठरणार नाही. तो आजार दारात येऊच नये एवढी तजवीज मात्र सामान्य शेतकऱ्याच्या आणि मजुराच्याही आवाक्यात आहे. रात्रभर आखाडा राखणाऱ्या प्राण्याला वर्षातून एकदा टोचलेली सुई ही त्याच्याइतकीच त्या आखाड्यावर झोपलेल्या लेकरांचीही राखण करीत असते.