अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये' असे जुनी माणसे सांगत आली. आपण नाशिककर मात्र हा दंडक सर्रास मोडतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी तेथेच गुप्त होते, मग गंगाद्वारी आणि पुढे कुशावर्तात प्रकटते, ही कथा आपण येईल त्या पाहुण्याला हौसेने सांगतो. दाताच्या मुळाचेही काहीसे असेच आहे. आतली नळी जेथे संपली असे वाटते, तेथे तिचे तोंड असेलच असे नाही. पण इथे मूळ शोधले नाही तर दात गमवावा लागतो.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने दातांच्या मुळावर का उठावे, असे कोणी विचारील. कारण घरचेच आहे. माझ्या आत्याने एका दवाखान्यात दाढेची नस काढून घेतली. वर्षभरात गाल सुजला. तपासणीत कळले की नळी शेवटपर्यंत साफच झाली नव्हती; तळाशी दोन-तीन मिलिमीटर भाग तसाच राहिला होता. अखेर दाढ उपटावी लागली. पुढे माझ्यावर तीच पाळी आली, तेव्हा मी पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात गेलो. १९९१ पासून चालू असलेल्या या संस्थेत विद्यार्थी-डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि आपणही विद्यार्थी असल्यामुळे प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही.

'रूट कॅनॉल' म्हटले की आपल्याला गंगापूर धरणाचा कॅनॉल आठवतो. हा कॅनॉल मात्र केसासारखा बारीक. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा मऊ गर असतो आणि तो या नळ्यांतून मुळाच्या टोकापर्यंत जातो. कीड तेथवर पोहोचली की गर काढायचा, नळी घासून-धुऊन निर्जंतुक करायची आणि भरून बंद करायची. घासण्याच्या तारेला 'फाईल' म्हणतात. दहा नंबरच्या फाईलचे टोक मिलिमीटरचा दहावा हिस्सा एवढेच जाड असते.

आता ही तार किती आत घालायची? कमी गेली तर जंतू मागे राहतात. जास्त गेली तर हाडातल्या निरोगी भागाला इजा होते, घाण पुढे ढकलली जाते आणि रुग्ण रात्रभर कळवळतो. वरच्या सुळ्याची लांबी सरासरी २६ मिलिमीटरच्या आसपास असते, पण सरासरीवर कोणाचा दात बेतलेला नसतो.

पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे तार आत ठेवून क्ष-किरणांचे चित्र घेणे. चित्र ही सावली. कोन बदलला की लांबी बदलते. म्हणून शाळेतले त्रैराशिक कामी येते. समजा, २० मिलिमीटरची तार चित्रात २२ दिसली आणि दात २४.२ दिसला, तर खरा दात २२ मिलिमीटरचा. त्यातून साधारण एक वजा करायचा. का? मेक्सिकोच्या कुटलर यांनी १९५५ साली दाखवून दिले की नळी सर्वांत अरुंद होते ती जागा तिच्या तोंडाच्या सुमारे अर्धा मिलिमीटर अलीकडे असते, वयाबरोबर हे अंतर वाढते, आणि ते तोंडही बहुतेक दातांत मुळाच्या अगदी टोकाला नसून किंचित बाजूला असते. ही बाजू गालाकडची किंवा जिभेकडची असली तर सपाट चित्रात ती दिसत नाही.

येथे वीज मदतीला आली, आणि मला हा भाग सर्वांत मनोवेधक वाटला. जपानमध्ये सुझुकी यांनी १९४२ साली कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांच्या आधारे सुनाडा यांनी १९६२ साली दाखवले की तारेचे टोक मुळाभोवतीच्या पडद्याला टेकले की तेथून तोंडाच्या अस्तरापर्यंतचा विद्युत्‌रोध सुमारे साडेसहा हजार ओहम भरतो. वय कोणते, दात कोणता, याने फारसा फरक पडत नाही! म्हणजे न दिसणारे टोक मीटरच्या काट्यावर कळू लागले. पण नळीत रक्त किंवा धुण्याचे औषध असले की जुनी यंत्रे फसत. १९९१ साली कोबायाशी यांनी एकाच वेळी दोन वारंवारितांचा प्रवाह वापरून त्यांच्या रोधांचे गुणोत्तर मोजण्याची युक्ती पुढे आणली आणि ओल्या नळीतही माप घेता येऊ लागले.

माझ्या ओठाला एक आकडा अडकवला, दुसरी वायर फाईलला जोडली. तार उतरू लागली तसा यंत्राचा 'टूं टूं' आवाज जलद झाला. मग फाईलवरची रबरी चकती दाढेच्या उंचवट्याला टेकवून तार बाहेर काढली आणि पट्टीवर मोजली. तरीही चित्र काढलेच, कारण तार धातूच्या जुन्या भरावाला टेकली तर यंत्रही चुकते. छातीत पेसमेकर आहे का, हे मात्र यंत्र लावण्यापूर्वीच विचारतात. असल्यास सांगायला विसरू नये.

खालच्या दाढेला मुळे दोन, पण नळ्या बहुधा तीन. माझ्या केसपेपरवर १९, १९.५ आणि २० असे तीन आकडे लिहिले गेले, आणि प्रत्येकापुढे कोणत्या उंचवट्यापासून मोजले याची नोंद. पुढच्या खेपेला माझे डॉक्टर परीक्षेत गुंतलेले होते. दुसऱ्याच विद्यार्थिनीने तो कागद वाचला, तीन फायलींवर चकत्या बसवल्या आणि मला म्हणाली, "दादा, आ करा."