गाडी कुटुंबाची, भार शेताचा : एसयूव्ही नेमके किती ओढते?

यवतमाळ : कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला, की जिल्ह्यात नव्या गाडीचा विषय निघतोच. नोकरी-व्यवसायानिमित्त शहरात राहणारी, पण शेती गावाकडे असणारी कुटुंबे येथे बरीच आहेत. सात जणांना घेऊन नागपूर गाठावे आणि गरज पडल्यास बियाणे, मोटारपंप किंवा पाण्याच्या टाकीची छोटी ट्रॉलीही ओढावी, अशी त्यांची एकाच गाडीकडून अपेक्षा असते. विक्री दालनात मात्र बोलणे अश्वशक्तीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते.

भार किती वेगाने नेता येईल ते अश्वशक्ती सांगते. भार जागचा हलविण्याचे काम टॉर्कचे, म्हणजे चाकाला मिळणाऱ्या पिळाचे. महिंद्राच्या बोलेरोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन ७६ अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क देते. २०२२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन प्राथमिक श्रेणीत १३२ अश्वशक्ती व ३०० न्यूटन मीटर, तर वरच्या श्रेणीत १७५ अश्वशक्ती व ३७० ते ४०० न्यूटन मीटरपर्यंत जाते. टाटा सफारीच्या डिझेल इंजिनाचे आकडे १७० आणि ३५०, तर टोयोटा फॉर्च्युनरच्या स्वयंचलित डिझेलचे २०४ आणि ५०० आहेत. अर्थात फॉर्च्युनरची किंमत बोलेरोच्या तिपटीहून अधिक आहे, हे विसरून तुलना करण्यात हशील नाही.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ एका साध्या हिशेबातून उमगतो. माणसांसह गाडी दोन टन आणि ट्रॉली एक टन असे तीन टन वजन दहास एक अशा चढावर ताशी २० किलोमीटरने न्यायचे, तर केवळ चढासाठी सुमारे २२ अश्वशक्ती लागते. हे काम बोलेरोही निमूटपणे करील. मात्र तोच चढ ताशी ६० च्या वेगाने चढायचा, तर ६६ अश्वशक्ती हवी. हवेचा व रस्त्याचा विरोध आणि गिअरमध्ये खर्ची पडणारे बळ त्यात धरलेले नाही. पुसदच्या डोंगराळ भागात लहान इंजिनाची दमछाक का होते, ते येथे कळते. उलट, शेत ते गाव एवढ्याच फेऱ्या असतील, तर मोठ्या इंजिनासाठी मोजलेला पैसा बव्हंशी वाया जातो.

इंजिनाहून महत्त्वाचा मुद्दा गाडीच्या बांधणीचा आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनर या गाड्या शिडीसारख्या पोलादी चौकटीवर उभ्या असतात. त्यांच्या मागच्या चाकांना इंजिनाचे बळ मिळते. ट्रॉलीचा भार मागे पडला, की ती चाके जमिनीला अधिक घट्ट धरतात. सफारी किंवा क्रेटासारख्या गाड्यांचा सांगाडा एकसंध असतो आणि बळ पुढच्या चाकांना मिळते. मागे वजन टेकले, की गाडीचे नाक किंचित उचलले जाते आणि नेमकी ओढणारी चाके हलकी होतात. महामार्गावर आरामदायी असलेली हीच गाडी पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत चाके फिरवीत जागीच उभी राहते. तेथे अश्वशक्ती कामी येत नाही. चारही चाकांना बळ देणारी यंत्रणा, मंद गतीचा गिअर आणि चिखलाचे टायर कामी येतात.

गाडी किती वजन ओढू शकते, हा आकडा भारतीय माहितीपत्रकांत सहसा आढळत नाही. परदेशात अनेक ठिकाणी तो दिला जातो. ऑस्ट्रेलियात स्कॉर्पिओसाठी २५०० किलो आणि फॉर्च्युनरसाठी ३१०० किलो अशी मर्यादा कंपन्यांनी दिली. पण ती ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तरच. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी दोन्ही गाड्यांची मर्यादा ७५० किलोच आहे. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या ट्रॉलीला ब्रेक क्वचितच असतात. ट्रॉलीचे स्वतःचे वजन २५० किलो धरले, तर उरतात ५०० किलो. म्हणजे पाच क्विंटल कापूस किंवा ५०० लिटर पाणी. त्याहून जास्त भार इंजिन ओढेलही, पण उतारावर तो थांबविणार कोण? मागून रेटणारी ट्रॉली गाडीला आडवी फिरवू शकते, आणि मागच्या आसनावर घरचीच मुले बसलेली असतात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना भार ओढणे ही तर इंजिनाची परीक्षाच असते. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर वातानुकूलन बंद करून वेग कमी करणे श्रेयस्कर. हाताने गिअर टाकाव्या लागणाऱ्या गाडीत चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच अर्धवट दाबून धरण्याची सवय फार महागात पडते. जळलेल्या क्लचचा वास अनेकांच्या परिचयाचा आहे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच मानले आहे. त्यामुळे रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याची परिवहन कार्यालयात नोंदणी करावी लागते. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा समावेश आहे का, हेही विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. ज्यांच्या गोठ्याशेजारी ट्रॅक्टर आधीच उभा आहे, त्यांनी एसयूव्हीच्या मागे आकडा लावण्याचा खर्च न केलेलाच बरा.