हंडा रांगेत, कडी दाराला, हाक गल्लीत

गोवंडीच्या वस्तीत पाण्याची वेळ व्हायच्या आधीच नळापाशी हंडे आणि प्लॅस्टिकचे कॅन रांगेला लागतात. माणूस घरात चहा टाकत असतो, पण हंडा जागेवर आहे म्हणजे नंबर त्याचा. पाणी सुटलं की पहिली हाक उठते, "आलं गं पाणी!" आणि गल्लीभर धावपळ सुरू होते. टँकरच्या वर्गणीत कोणाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले, ते कोणाच्या तरी वहीत लिहिलेलं असतं.

नोंद, नंबर आणि हाक. लिनक्सचे सर्व्हर सांभाळणारी माणसंही रोज हीच तीन कामं करतात. काळ्या खिडकीत हुकूम टाईप करायची जी भाषा, ती शेल. त्या शेलमध्ये ही माणसं तीन छोटी फंक्शन्स लिहून ठेवतात : एक लॉग लिहिणारं, एक लॉक म्हणजे कडी लावणारं, एक अलर्ट धाडणारं. एकदा लिहायची आणि मग प्रत्येक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हुकुमांच्या फाइलमध्ये, नावाने बोलवायची. दहा-पंधरा ओळींचं एकेक फंक्शन, पण त्यामागे समुद्र आहे, रेल्वे आहे आणि मुंबईचा पाऊससुद्धा आहे. चला, एकेक पाहू.

नोंद

१. लॉग म्हणजे खरोखरचं लाकूड. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेलं लाकूड पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. ठरलेल्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या, तो जहाजाचा वेग. सागरी वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्येच सांगतात. ते लाकूड म्हणजे लॉग, आणि तो आकडा ज्या वहीत उतरवायचा ती लॉगबुक. सर्व्हरच्या लॉगचं नाव थेट तिथून आलं आहे.

२. आठ पायऱ्या, शून्य सगळ्यात गंभीर. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी सिसलॉग ही लॉग ठेवण्याची पद्धत बनवली. त्यात तक्रारीच्या आठ पायऱ्या आहेत : ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ७ म्हणजे तपासणीपुरती बारीक टिपणं. आकडा जितका लहान, तितकी गोष्ट गंभीर. आपलं हवामान खातं हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत भागवतं. शेलमधून सिसलॉगला निरोप द्यायचा हुकूम म्हणजे 'लॉगर'. लॉग लिहिणाऱ्या फंक्शनने त्याला पायरी सांगायलाच हवी. पायरी नसलेल्या हजार ओळींमधून रात्री दोन वाजता खरी चूक शोधताना डोळे दुखतात.

३. चुकांसाठी वेगळा दरवाजा. प्रत्येक प्रोग्रामला तीन वाटा मिळतात : ० आत येण्याची, १ बाहेर जाण्याची, २ चुका सांगण्याची. ही दुसऱ्या क्रमांकाची वाट १९७० च्या दशकात युनिक्समध्ये आली. त्याआधी छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रावर काम पाठवलं, की कधीकधी मजकुराऐवजी चूक सांगणारा संदेशच सुबक टाइपात जुळून बाहेर यायचा आणि सगळी खेप फुकट जायची. म्हणून लॉगची ओळ नेहमी दोन नंबरच्या वाटेने पाठवावी. एक नंबरची वाट खऱ्या उत्तरासाठी मोकळी राहते.

४. पाऊस साडेआठलाच का मोजतात? भारतीय वेळेत सकाळचे साडेआठ म्हणजे जागतिक वेळेत बरोबर पहाटेचे तीन. जगभरच्या वेधशाळा एकाच क्षणी निरीक्षणं घेतात, तेव्हाच ती एकमेकांशी ताडून पाहता येतात. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडाही २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. लॉगचंही तसंच. वेळ लिहिताना पुढे 'अधिक ०५:३०' जोडलं, तर अमेरिकेतल्या सर्व्हरची ओळ आणि मुंबईतल्या सर्व्हरची ओळ शेजारी ठेवून वाचता येते. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये तर सालसुद्धा नसायचं. साल आणि वेळेचा पट्टा दोन्ही मागणारा नवा नमुना २००९ मध्ये आला.

५. आपलं घड्याळ उडी मारत नाही. ठरल्या वेळी काम सुरू करून देणारा 'क्रॉन' अनेक देशांत वर्षातून दोनदा गोंधळात पडू शकतो. तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि हिवाळ्यात परत मागे आणतात. एका रात्री अडीच वाजतच नाहीत, तर दुसऱ्या एका रात्री एक तास दोनदा येतो. भारतात ही भानगड नाही. न्यू जर्सीत सर्व्हर सांभाळणारी एखादी भाची मात्र आपली कामं जागतिक वेळेवरच लावत असेल, आणि ते शहाणपणाचं आहे.

६. पुसलं तरी जागा सुटत नाही. डिस्क भरली, म्हणून तुम्ही भलीमोठी लॉग फाइल पुसली. तरी डिस्क भरलेलीच! कारण एखाद्या प्रोग्रामने ती फाइल अजून उघडी धरली असेल, तर यादीतून फक्त नाव जातं, जागा नाही. त्या प्रोग्रामने ती बंद केली की मगच जागा मोकळी होते. म्हणूनच जुन्या लॉग फाइल बाजूला ठेवणारा 'लॉगरोटेट' फाइलचं नाव बदलून झाल्यावर अनेक प्रोग्रामना "नवी वही उघडा" असा इशारा करतो.

७. १८० दिवसांची वही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार संगणक-प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. म्हणजे लॉग लिहिणं ही आता नुसती चांगली सवय उरली नाही, ते कायदेशीर कर्तव्य झालं आहे.

कडी

८. आधी बघा, मग लावा : इथेच घात. बॅकअपची स्क्रिप्ट दर तासाला चालते. एक दिवस काम लांबतं, पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि दोघी एकाच फाइलवर लिहू लागतात. हे टाळायला नवशिके लिहितात, "कुलपाची फाइल आहे का बघ, नसेल तर बनव." पण बघणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसरी स्क्रिप्टही बघून जाते. दोघींनाही जागा रिकामी दिसते! जुना आणि साधा उपाय म्हणजे फाइलऐवजी फोल्डर बनवायचा हुकूम, 'एमकेडिर'. त्यात बघणं आणि बनवणं एकाच दमात होतं. दोघींनी एकदम मागितलं, तरी फोल्डर एकीलाच मिळतं. नळावरही दोन माणसं एकदम पोचतात, पण रांगेतली पहिली जागा एकाच हंड्याला मिळते.

९. अकरा बाइट्सचं कुलूप. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूच्या एनसीएसटीसारख्या संस्था अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातून ईमेल पाठवू लागल्या. तेव्हा टपाल फोनच्या तारेवरून यूयूसीपी या युनिक्सच्या पद्धतीने जाई. तार एक आणि मागणारे अनेक, म्हणून यूयूसीपी मोडेमच्या नावाने कुलपाची फाइल ठेवायचं. तिच्यात तार वापरणाऱ्या प्रोग्रामचा क्रमांक दहा जागांत, उजवीकडे सरकवून, आणि शेवटी ओळ संपल्याची खूण : एकूण अकरा बाइट्स. लिनक्सच्या फाइल-रचनेच्या प्रमाण दस्तऐवजात हाच नमुना आजही लिहिलेला आहे.

१०. गोवंडीचा रूळ काय सांगतो. फाइलच्या कुलपाचा एक दोष आहे : स्क्रिप्ट मध्येच मेली तर कुलूप तसंच राहतं. हंड्याचा मालक गावाला गेला आणि हंडा रांगेत अडकला, तशी गत. एका मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडायचा पेच रेल्वेने दोन प्रकारे सोडवला. एकेरी मार्गावर पूर्वी चालकाच्या हातात नीलच्या यंत्रातला टोकनचा गोळा देत. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, पण तो पुढच्या स्टेशनात परत करावा लागे. हार्बर मार्गावर, चेंबूर ते गोवंडी आणि गोवंडी ते मानखुर्द, वेगळी तऱ्हा आहे. रुळांमधून हलका विद्युतप्रवाह वाहत असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह पलीकडे पोचत नाही आणि मागचा सिग्नल लाल होतो. गाडी पुढे सरकली की रस्ता आपोआप मोकळा. तार तुटली तरी सिग्नल लालच! ही युक्ती विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये काढली.

शेलमधला 'फ्लॉक' अगदी असाच आहे. कुलूप फाइलच्या असण्यावर नसतं, फाइल उघडी धरून ठेवणाऱ्या जिवंत प्रोग्रामवर असतं. प्रोग्राम संपला, कोसळला किंवा कोणी मारला, तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुलूप काढून घेतो. एक काळजी मात्र घ्या : स्क्रिप्टने मागे सोडलेलं एखादं उपकाम ती फाइल उघडी धरून बसलं, तर कुलूपही टिकून राहतं.

११. सेमाफोर आला रेल्वेतून. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात एकाच साधनावर अनेकांनी झुंबड करू नये म्हणून 'सेमाफोर' सुचवला. नाव घेतलं रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून. त्याच्या दोन क्रिया म्हणजे पी आणि व्ही : डच भाषेत 'ओलांडणे' आणि 'मोकळं करणे' या शब्दांची आद्याक्षरं. आणि रेल्वेचंच म्हणाल, तर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, ती याच हार्बर मार्गावर. कुलपांचे धडे घ्यायला याहून चांगली वाट कुठली?

हाक

१२. घंटेचा क्रमांक सात, म्हणून कंट्रोल-जी. टेलिप्रिंटरमध्ये खरी घंटा असे, आणि संदेशात एक खास चिन्ह आलं की ती वाजे. आस्की तक्त्यात त्या चिन्हाचा क्रमांक ७. इंग्रजी वर्णमालेत जी हे सातवं अक्षर, म्हणून कळफलकावर कंट्रोल-जी. आजही शेलमधून हे चिन्ह छापलं, तर बहुतेक टर्मिनल आवाज करतात किंवा चमकतात. सगळ्यात स्वस्त अलर्ट हाच. लोकलच्या डब्यात पुढे उभे राहणारे गार्डच्या घंटेची भाषा ओळखतात : एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे निघा. निरोप जितका छोटा, तितका त्याचा अर्थ आधी पक्का ठरलेला असावा लागतो.

१३. 'किल' नेहमी मारत नाही. 'किल' या हुकुमाचं काम प्रोग्रामला इशारा पाठवणं. १५ म्हणजे "आवरतं घे", ९ म्हणजे "इथल्या इथे संपव", १ म्हणजे "फोन कट झाला", आणि तो खरोखर फोनच्या तारांच्या काळातला आहे. ० पाठवला तर काहीच होत नाही, फक्त तो प्रोग्राम जिवंत आहे का ते कळतं. दारावर टकटक करून "आहात ना?" विचारावं तसं. 'ट्रॅप' लावून स्क्रिप्ट १५ पकडू शकते आणि जाताना पसारा आवरते. ९ मात्र कोणालाच पकडता येत नाही.

१४. आकड्यातली चिठ्ठी. प्रत्येक हुकूम संपताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे सगळं ठीक. १२७ म्हणजे हुकूमच सापडला नाही : हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये पडते, तेव्हा हाच आकडा फार दिसतो, कारण क्रॉनला शोधायच्या जागा मोजक्याच माहीत असतात. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, कोणीतरी मारलं, आणि पुष्कळदा मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच. अलर्टमध्ये हा आकडा जरूर टाका. झोपेतून उठलेल्या माणसाचा अर्धा तपास तिथेच होतो.

१५. एकदाच, पण खणखणीत. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा सायलेंटवर ठेवलेले फोनही किंचाळले. तो आवाज लक्षात राहिला, कारण तो क्वचित येतो. दर मिनिटाला "डिस्क भरली" असं सांगणारा अलर्ट तिसऱ्या दिवशी कोणी वाचत नाही. चांगलं फंक्शन शेवटचा इशारा कधी दिला ते एका फाइलच्या वेळेवरून बघतं आणि तासभर तोच निरोप पुन्हा पाठवत नाही. निरोपात चार गोष्टी पुरतात : कुठलं मशीन, काय झालं, केव्हापासून, आणि आधी काय बघावं.

१६. न आलेली हाक. अलर्टचं एक कोडं उरतंच. सर्व्हरच बंद पडला, तर ओरडणार कोण? लोकलच्या मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक आपोआप लागतात, म्हणजे तिथे शांततेलाही अर्थ दिलेला असतो. शेलमध्येही तसंच करता येतं. काम नीट झालं की स्क्रिप्ट दुसऱ्या एका मशीनला "मी आहे" एवढंच कळवते, आणि ठरलेल्या वेळात तो निरोप आला नाही तर ते मशीन हाक मारतं.

आपल्या घरांमध्ये ही पद्धत संगणकाशिवायच चालत आली आहे. रात्रपाळीला निघालेल्या पोराला आई दारातून सांगते, "पोचल्यावर फोन कर." फोन आला की ती निवांत झोपते. नाही आला, तर साडेअकराला तीच लावते.