डिझेलचा नमुना तळातून घ्यावा

मृगाचा पाऊस पडून गेला होता. दोन दिवसांनी जमीन वाफशावर आली आणि सोयाबीनच्या पेरणीसाठी ट्रॅक्टर शेतात घातला. जेमतेम अर्धा एकर झाला असेल, तोच इंजिनाने दोन आचके दिले आणि ट्रॅक्टर उभा राहिला. मिस्त्रीने फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, तर आधी बाहेर आले ते पाणी. मी लगेच पंपवाल्याला बोल लावून मोकळा झालो. मिस्त्री एवढेच म्हणाला, "भाऊ, ड्रम कुठे ठेवता?"

ड्रम गोठ्यामागे उघड्यावर उभा होता. दिवाळीपासून अर्धा भरलेला. चूक माझीच होती. दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा पाऊस आला आणि पेरणी आठ दिवस लांबली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. अशा ठिकाणी वाफसा हातचा जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

बंद ड्रममध्ये पाणी जाते कसे? ड्रम श्वास घेतो! दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गारवा आला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातील बाष्प पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते. ड्रम जितका रिकामा, तितकी हवा जास्त आणि पाणीही जास्त. शिवाय उभ्या ड्रमच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते. बूच किंचित सैल असले, तरी रात्री तेही आत खेचले जाते.

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. त्यांचा काळपट, चिकट गाळ फिल्टर चोंदवतो. पाण्याने पत्रा गंजतो तो वेगळाच. इंजेक्टरमधील फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असते. तिथे पाणी किंवा गंजाचा कण पोहोचला, की खर्च हजारांत जातो.

म्हणूनच वरवरचे डिझेल पाहून समाधान मानू नये. ड्रम एक दिवस न हलवता ठेवा. स्वच्छ, कोरडी, पारदर्शक नळी घ्या. तिचे वरचे तोंड अंगठ्याने बंद करून ती तळापर्यंत सोडा, अंगठा काढा, नळी भरली की पुन्हा अंगठा दाबून वर काढा. तोंडाने मात्र कधीही ओढू नका. हा नमुना काचेच्या बाटलीत ओतून उजेडासमोर धरा. चांगले डिझेल नितळ दिसते. धूसर दिसले, तर त्यात पाण्याचे सूक्ष्म कण असण्याची शक्यता मोठी. बाटली गोल फिरवली, की पाण्याचे थेंब आणि कचरा तळाच्या मध्यभागी गोळा होतो. पेट्रोल पंपावर टाकीतले पाणी शोधण्यासाठी मापपट्टीला एक लेप लावतात. पाणी लागेल तिथपर्यंत त्याचा रंग बदलतो.

एक सावधगिरी हवी. आत पाहण्यासाठी काडी ओढू नका. डिझेल सहज पेटत नाही असा समज आहे. पण भारतीय मानकाप्रमाणे त्याचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सियस असला म्हणजे पुरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा ड्रममधील वाफ ठिणगीची वाटच पाहत असते.

भेसळीची गोष्ट वेगळी. रॉकेल मिसळलेले डिझेलही नितळच दिसते. गाळणकागदाची चाचणी पेट्रोलची, ती इथे चालत नाही. पंपावर घनता मोजायचे साधन असते आणि ग्राहकाला ती मोजून दाखवा, असे म्हणता येते. १५ अंशांना रूपांतरित केलेली घनता नोंदीतल्या आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त वेगळी आली, तर संशयाला जागा आहे. पण घनता जुळली म्हणजे डिझेल शुद्धच, असेही नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. तक्रारीसाठी आपण घरून भरून नेलेली बाटली पुरत नाही. अधिकृत अधिकाऱ्याने रीतसर घेऊन मोहोरबंद केलेला नमुना लागतो. या भेसळीमागे केवढा पैसा आहे, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. इंधनचोरीचे चित्रण करणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आले.

साठवणुकीतले पाणी टाळणे मात्र आपल्याच हाती आहे. ड्रम सावलीत, आडवा ठेवा. दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, डिझेलखाली बुडालेली असावीत. पावसाळ्यापूर्वी तो भरून घ्या किंवा पूर्ण रिकामा करा. जस्ताचा मुलामा असलेले भांडे डिझेलला वापरू नका. उपसायच्या पंपाची नळी तळापासून चार बोटे वर ठेवा. तळाचे पाणी काढले, तर ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

हेच जनित्रांनाही लागू आहे. रुग्णालयाचे जनित्र सहा महिने बंद असते आणि नेमकी वीज जाते शस्त्रक्रियेच्या वेळी. त्याच्या टाकीचा तळ कोणी, कधी पाहिला, हे विचारायला हरकत नाही.

आता मी मृगाच्या पंधरा दिवस आधी तळातून बाटलीभर नमुना काढतो. त्याला पाच मिनिटे लागतात. त्या वर्षी न दिलेल्या पाच मिनिटांनी माझे आठ दिवस खाल्ले होते.