सीमा प्रश्नाने ओलांडावी

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या नवजात बाळांची मापे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली गेली. इकडचे बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. पण वजनात इतकी तफावत असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. भारतीयांना कमी वजनातही मधुमेह का गाठतो, हे समजून घेण्याचा एक मोलाचा धागा या तुलनेतून हाती आला. एकट्या पुण्याच्या किंवा एकट्या साउदॅम्प्टनच्या नोंदींतून तो सापडला नसता. म्हणूनच आरोग्याची माहिती देशोदेशींच्या अभ्यासकांना वापरता आली पाहिजे, असे मी ठामपणे मानतो. मात्र ती वापरू देण्यासाठी तिची प्रत परदेशी धाडण्याची आता गरज उरलेली नाही. माहिती जिथे गोळा झाली तिथेच राहावी आणि अभ्यासकाचा प्रश्न तिच्यापर्यंत यावा, हीच यापुढची रीत असायला हवी.

‘नावे काढून टाका आणि पाठवा’ हा उपाय सोपा वाटतो, पण तो टिकत नाही हे केव्हाच सिद्ध झाले आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे, पत्ते वगळून संशोधनासाठी दिल्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून त्या नोंदींतून खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या आजारपणाची नोंद शोधून काढली. शहरात हे घडू शकते, तर हजार-दोन हजार वस्तीच्या गावात काय होईल? अमुक महिन्यात जुळे झालेली, वयाने तिशीपुढची बाई, एवढ्यावरून शेजारपाजारच काय, तालुक्याचा दवाखानाही तिला ओळखेल. जनुकांचे तर आणखी अवघड आहे. ती माहिती एका माणसापुरती राहत नाही, भावंडांविषयी आणि पोराबाळांविषयीही बोलते. जातीतल्या जातीत लग्ने होणाऱ्या आपल्या समाजात तर एखाद्या आजाराचा शिक्का अख्ख्या समूहावर बसू शकतो.

मग कुलूपच लावून टाकावे, असे काहींना वाटते. युरोपचा विदासंरक्षण कायदा २०१८ साली लागू झाल्यावर फिनलंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने मधुमेहाच्या एका जुन्या संयुक्त अभ्यासातील माहिती अमेरिकेला पाठवणे थांबवले. कायद्याचा हेतू रास्त होता, तरी काम अडले ते अडलेच. शिवाय कुलपाआड खोटेही सुखाने नांदते. मे २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक निबंध आला. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडील ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर तो आधारलेला होता. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी काही काळ थांबवली. शंका आल्यावर तपासनिसांनी मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा कंपनीने गोपनीयतेचे कारण सांगून त्या दाखवल्या नाहीत आणि दोन आठवड्यांत निबंध मागे घ्यावा लागला. गोपनीयतेचा इतका निलाजरा वापर क्वचितच झाला असेल.

त्याच महिन्यांत ब्रिटनमध्ये ‘ओपनसेफली’ ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यात अभ्यासकाला कोणाही रुग्णाची नोंद दिसत नाही. तो नकली नोंदींवर आपला प्रोग्रॅम लिहून तपासतो, खरा प्रोग्रॅम आत चालतो आणि बाहेर येतात ती फक्त कोष्टके, तीही माणसांनी तपासून. कोणी कोणता प्रोग्रॅम चालवला हे सर्वांना पाहता येते. याच मार्गाने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून कोविडमध्ये मृत्यूचा धोका कोणाला अधिक, हे काही आठवड्यांत कळले. ग्रंथालयातला दुर्मीळ ग्रंथ घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचावा लागतो, तसेच हे. नोंदी अनेक देशांत विखुरलेल्या असतील तर ‘डेटाशील्ड’सारखी पद्धत कामी येते. सरासरी हवी असेल तर प्रत्येक केंद्र आपली बेरीज आणि माणसांची संख्या तेवढी कळवते आणि एकत्र सरासरी निघते. गुंतागुंतीच्या गणितांसाठी असे सारांश अनेक फेऱ्यांत मागवतात. अनेक नेहमीच्या गणितांत उत्तर तेच येते, जे सगळ्या नोंदी एका जागी आणून आले असते.

सारांशातूनही गुपित फुटते, हा आक्षेप खरा आहे. हजारो लोकांच्या जनुकांच्या एकत्रित आकडेवारीतूनही एखादा ठरावीक माणूस त्या गटात होता की नाही हे ओळखता येते, असे २००८मध्ये दाखवले गेले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तशी आकडेवारी सार्वजनिक संकेतस्थळावरून काढून घेतली. म्हणून दोन-चार माणसांचे रकाने झाकणे, विचारलेल्या प्रश्नांचा हिशेब ठेवणे आणि निकाल तपासूनच बाहेर सोडणे भाग आहे. धोका शून्य होत नाही. पण एकदा बाहेर गेलेली प्रत परत बोलावता येत नाही, आणि दिलेला प्रवेश मात्र काढून घेता येतो. हा फरक मला निर्णायक वाटतो.

त्याहून कठीण आक्षेप न्यायाचा आहे. इंडोनेशियाने २००७मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नमुने देणे थांबवले, कारण त्यांवरून परदेशी कंपन्या लस बनवणार आणि ती इंडोनेशियालाच परवडणार नाही, अशी भीती होती. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत लाभाच्या वाटणीचा करार झाला. माहिती देशातच राहिली म्हणून असा प्रश्न आपोआप सुटत नाही, पण अटी घालण्याची ताकद मात्र येते. जीनोम इंडिया प्रकल्पातील १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती फरिदाबादच्या राष्ट्रीय केंद्रातून अभ्यासकांना उपलब्ध करून देण्याचे जानेवारी २०२५मध्ये जाहीर झाले. अशा केंद्रांत परदेशी अभ्यासकांना प्रत न देता आतच काम करू द्यायचे, तर संगणकांइतकीच निकाल तपासणारी प्रशिक्षित माणसे लागतील. आज संशोधनाची अनुदाने यंत्रांवर आणि नमुने गोळा करण्यावर खर्च होतात; या तपासनिसांचा पगार त्यांत पहिल्या वर्षापासून धरायला हवा, आणि परदेशी भागीदारानेही त्यातला आपला वाटा उचलायला हवा.