दादू चौगुले विरुद्ध विजय चौधरी: कोण जिंकलं असतं?

कोल्हापूरची तालीम असो की भिवंडीतली चहाची टपरी, कुस्तीचा विषय निघाला की एक वाद ठरलेला असतो. जुने म्हणतात, ‘तेव्हाचे पैलवान आता कुठे?’ नवे म्हणतात, ‘आजच्या वेगापुढे ते टिकले नसते.’

उदाहरण घेऊया. दादू चौगुलेंनी 1970 आणि 1971 साली महाराष्ट्र केसरी जिंकली आणि 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. विजय चौधरी 2014 ते 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. हे दोघे ऐन भरात समोरासमोर आले असते तर?

कॉम्प्युटरला विचारलं तेव्हा

हा प्रश्न जगाने एकदा खरंच मशीनला विचारला होता. रॉकी मार्सियानो 49 लढती खेळला आणि एकही न हरता निवृत्त झाला. मुहम्मद अली पुढच्या पिढीचा. दोघांपैकी भारी कोण? 1969 साली अमेरिकेत दोघांना रिंगमध्ये उतरवून लुटुपुटूच्या फेऱ्या चित्रित केल्या गेल्या. अलीवर तेव्हा बंदी होती, तर मार्सियानोला निवृत्त होऊन 13 वर्षं झाली होती. दोघांच्या गुणांची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली गेली. जानेवारी 1970 मध्ये थिएटरांत निकाल दिसला: तेराव्या फेरीत मार्सियानोचा नॉकआउट विजय.

वाद मिटला का? नाही. कारण कोणाच्या ठोशाला किती गुण द्यायचे, हे शेवटी माणसांनीच ठरवलं होतं. शिवाय निकाल गुपित राहावा म्हणून वेगवेगळे शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते!

गाडी कुठे अडते?

पहिली अडचण वजनाची. मार्सियानो साधारण 85 किलोचा. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेट गट सुमारे 91 किलोच्या वर सुरू होतो. म्हणजे आज तो बहुधा खालच्या गटात खेळला असता.

दुसरी अडचण नियमांची, आणि कुस्तीत ती जास्त मोठी आहे. मातीतल्या निकाली कुस्तीत समोरच्याला चीतपट करेपर्यंत झुंज चालते. तिथे दम आणि ताकद कामाला येते. गादीवर आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. ताबा घेतला की गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की गुण, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते.

म्हणजे ‘कोण जिंकेल’ याआधी ‘कुठे आणि कोणत्या नियमांनी’ हे विचारायला हवं.

महाराष्ट्र केसरीत हा सामना होतो!

गंमत म्हणजे याच वादाचं एक रूप आपण प्रत्यक्ष पाहतो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात गादीच्या शिवराज राक्षेने मातीच्या महेंद्र गायकवाडला चीतपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मातीतून आलेल्या सिकंदर शेखने त्याच शिवराजला हरवलं. एकाच वर्षात दोन उलटे निकाल! मग पन्नास वर्षांच्या अंतरावरचा निकाल छातीठोकपणे कसा सांगायचा?

मग तुलना करायचीच नाही का?

करायची, पण प्रश्न बदलून. आपल्या काळातल्या मल्लांवर कोणाचं किती वर्चस्व होतं, हे तपासता येतं. नवीन नियमांशी कोणी किती जुळवून घेतलं, हेही दिसतं. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनीच कांस्यपदक जिंकलं. मातीत घडलेला मल्ल गादी शिकू शकतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं.

या वादात खरी किंमत इथे मोजावी लागते. 1952 नंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिम्पिक कुस्तीत पदक मिळालेलं नाही. ऑलिम्पिक गादीवर होतं, पण गावोगावच्या जत्रेतलं मैदान आणि इनाम मातीत असतं. तालमीत नव्याने दाखल झालेल्या पोराला ‘जुनं ते सोनं’ किंवा ‘जुनं ते फुकट’ असं काहीही शिकवलं, तरी त्याचं अर्धं शिक्षण राहून जातं.

दादू की विजय, हे खुशाल भांडत ठरवा. फक्त आधी आखाडा माती की गादी, तेवढं नक्की करा.