सडवा, मस्ट आणि पहिली धार

फळांचा, मुख्यतः द्राक्षांचा रस आंबवला की वाईन होते. आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड केली की मिळते ती दारू. वाईनशास्त्रातले बरेचसे शब्द या एका फरकाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे बसतात. द्राक्षमळे नाशिककडे, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहाची झाडे. पण फुलापासून दारूपर्यंतच्या मोहाच्या वाटेवर या संज्ञा डोळ्यांनी पाहता येतात.

मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. फिकट पिवळसर, रसाने फुगलेली फुले रात्रीतून टपटप गळतात. उजाडायच्या आत बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. या फुलांवर अस्वलेही येत असल्याने ही वेचणी धोक्याची असते. उन्हात वाळली की फुले तपकिरी होऊन मनुक्यासारखी सुरकुततात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, आणि पुढचे सगळे या साखरेवर चालते.

यीस्ट ही सूक्ष्म बुरशी साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. हेच किण्वन. मोहफुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत बुडबुडे उठतात, फेस येतो, आंबूस वास सुटतो. हा झाला सडवा. वायनरीत द्राक्षे चिरडून टाकीत भरलेल्या रस-लगद्याला मस्ट म्हणतात. आंबू लागलेला मस्ट आणि सडवा एकाच जातीचे. वायनरी बहुधा निवडून वाढवलेले यीस्ट वापरते, सडव्यात फुलांवरचे आणि भांड्यातले रानटी यीस्ट काम करते. यीस्टला साखरेबरोबर नत्रही लागते. हातभट्टीवाले नवसागर टाकतात आणि वायनरीत डायअमोनियम फॉस्फेट घालतात, ते याच कारणासाठी.

द्राक्षाची वाट इथून वेगळी होते. साली रसात ठेवून आंबवले की रेड वाईन, साली आधीच वेगळ्या केल्या की व्हाइट, थोडा वेळ ठेवून काढल्या की रोझे. साली-बियांमधून उतरणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. कडक चहा जिभेला आवळतो तो त्याच्याच जातीच्या द्रव्यांमुळे. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली की वाईन ‘ड्राय’, साखर उरली की गोड. काम संपलेले यीस्ट गाळ होऊन तळाशी बसते, त्याला लीज म्हणतात. ‘व्हिंटेज’ म्हणजे द्राक्षतोडणीचे वर्ष. जुनेपणाशी किंवा उंची दर्जाशी त्याचा आपोआप संबंध नाही. टाकीत हवा शिरली तर जिवाणू मद्यार्काचा व्हिनेगर करून टाकतात, म्हणून टाक्या काठोकाठ भरून ठेवतात.

सडवा मात्र चुलीवर चढतो. मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी 100 अंशांना. त्यामुळे वाफेत मद्यार्काचे प्रमाण जास्त असते. ती वाफ थंड पाण्याने निववली की थेंब पडू लागतात. हे ऊर्ध्वपातन. वाईनला हीच प्रक्रिया दिली की ब्रँडी होते, म्हणून मोहाची दारू वाईनपेक्षा ब्रँडीच्या जवळची. ‘पहिल्या धारेची’ सर्वांत कडक असते, कारण मद्यार्क आधी निघतो. पण अगदी सुरुवातीच्या भागात त्याहूनही हलकी, तिखट वासाची आणि काही अपायकारक द्रव्येही येतात. कारखान्यात हा भाग, म्हणजे ‘हेड’, बाजूला काढतात. हातभट्टीवर तशी मोजणी नसते आणि दोन घाण्यांची तीव्रता सारखी निघत नाही, हा खरा धोका आहे.

गोंड-माडिया समाजांत देवाला आणि पूर्वजांना मोहाची दारू वाहण्याची रीत जुनी आहे. त्याच वेळी दारूने घरे उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या बायकांनी बंदीची मागणी लावून धरली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीच्या कारवाईत भट्टीबरोबर सडवाही नष्ट केला जातो. पण मोह दारूपुरताच नाही: मोहफूल भाजून-शिजवून खाण्यात आहेच, त्याचे लाडूही होतात, आणि मोहाच्या बियांचे तेल निघते.